तीन शब्दांविरुद्ध फिर्याद

आपल्याकडे एक औषध असे आहे की, ते कोणत्याही दुकानात मिळत नाही आणि तरीही घरोघर असते. त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पैसे पडत नाहीत. देणाऱ्याला ते दिल्याबरोबर आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो असे समाधान लाभते. घेणाऱ्याला काय लाभते, हे कोणी विचारल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही. ‘काळजी करू नकोस’ हे ते औषध. मोजून तीन शब्द. या तीन शब्दांविरुद्ध मला आज वाचकांच्या दरबारात फिर्याद गुदरावयाची आहे.

दिवाळीच्या अंकात, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचावयाच्या पानांवर, हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, याच दिवसांत तो हवा. सणावारी घर भरलेले असते, बाहेरच्या खोलीत हशा चाललेला असतो, आणि आतल्या खोलीत एक माणूस ‘डोके दुखते आहे’ असे सांगून एकटा बसलेला असतो. त्याचे डोके दुखत नसते. त्याला चारचौघांत यावयाचे भय वाटत असते, आणि त्या भयाहूनही अधिक त्या भयाची लाज वाटत असते. वाचकांनी आपापल्या गोतावळ्यावरून एकदा मनातल्या मनात नजर फिरवावी. तो माणूस सापडेल. कदाचित तो वाचक स्वतःच असेल.

काळजी म्हणजे कोणती, हे आधी सांगितले पाहिजे. मुलीला घरी यावयास उशीर झाला म्हणजे आई खिडकीशी उभी राहते, पाऊस लांबला म्हणजे शेतकरी आभाळाकडे पाहतो. ती काळजी हा आजार नव्हे. मी बोलतो आहे तो मुलगी घरी येऊन, जेवून झोपली तरी जी खिडकीशी उभीच राहते, त्या काळजीविषयी. आपल्या भाषेने तिला किती नावे दिली आहेत! घोर, धास्ती, धसका, धाकधूक, घालमेल. पोटात गोळा येतो, काळजाचे पाणी होते, जीव टांगणीला लागतो. ज्या समाजाने एका दुखण्यासाठी इतके शब्द घडविले, त्याला ते दुखणे अपरिचित होते असे म्हणण्याची सोय नाही. मराठी माणूस हे दुखणे पुरते ओळखून आहे. त्यावर इलाज करावयाचा असतो, एवढेच त्याला मान्य नाही.

२

माझी थोरली बहीण, आमची अक्का, साताऱ्याकडच्या एका गावात दिलेली होती. १९७४ साली बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, तिला एकाएकी घाम फुटला, हातपाय गार पडले, आणि आता आपला प्राण जातो असे वाटून ती तेथेच मटकन खाली बसली. लोकांनी कांदा हुंगविला, तोंडावर पाणी मारले, घरी आणून सोडले. पुढच्या आठवड्यात ती बाजाराला गेली नाही. नंतर देवळात जाईना. नंतर लग्नकार्याला जाईना. वर्ष-दीड वर्षात घराचा उंबरठा हीच तिची वेस झाली.

तिला अंगारा लावून झाला. उतारे टाकून झाले. एका डॉक्टरांनी रक्त वाढविण्याची इंजेक्शने दिली. सासूने कामचुकार म्हटले, जावांनी घरकोंबडी म्हटले, आणि माहेरच्यांनी, म्हणजे आम्ही, अत्यंत मायेने ते तीन शब्द सांगितले. मी स्वतः ते लिहिले. एका पत्रात नव्हे, प्रत्येक पत्राच्या शेवटी. एकदा तिचे उत्तर आले : ‘मी करत नाही रे बाळ, ती होते.’

मी शिकलासवरलेला माणूस. पण ‘करणे’ आणि ‘होणे’ या दोन क्रियापदांतला जो भेद चौथी शिकलेल्या माझ्या बहिणीला कळत होता, तो मला कळला नाही. जी गोष्ट माणूस करतच नाही, ती करू नकोस असे त्याला सांगण्यात काय अर्थ आहे? तापलेल्या माणसाला आपण ‘ताप आणू नकोस’ असे म्हणत नाही. अक्का १९९८ साली गेली. बावीस-तेवीस वर्षे तिने तो उंबरठा ओलांडला नाही. माझ्या लग्नाला ती नव्हती. माझे डोंबिवलीचे घर तिने पाहिले नाही. कैद्याला निदान आपली मुदत ठाऊक असते.

३

पुढे २००९ साली तो पाहुणा माझ्याकडे आला. मी तेव्हा फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेबाच्या खात्यात होतो. त्या काळी डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जात. (फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांचा मार्ग बदलला.) हा बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा अधिक लांब. एरवी दोन मिनिटांचाही प्रश्न नसतो. त्या दिवशी गाडी आत थांबली. माझ्या छातीत धडधडू लागले, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या, आणि हृदय बंद पडत आहे अशी माझी पक्की खात्री झाली. ठाण्याला लोकांनी उतरवून घेतले. कार्डिओग्राम निर्दोष निघाला. पुढच्या सहा महिन्यांत तो आणखी दोनदा काढला. दोन्ही वेळा निर्दोष. डॉक्टर हसून म्हणाले, “काही नाही हो, टेन्शन घेऊ नका.” तेच तीन शब्द. फक्त त्यांनी पाटलोण घातली होती.

मग मी अक्काच्याच वाटेने निघालो. जलद गाडी सोडून धीमी धरली, कारण ती मुंब्रा-कळव्यावरून उघड्यावरून जाते. मग गर्दीची वेळ टाळू लागलो. मग दाराजवळची जागा मिळाल्याशिवाय चढेना. खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली, आणि दर दोन स्टेशनांना घरी फोन. शेवटी बढती नाकारून कल्याणच्या शाखेत बदली मागून घेतली. लोकांना वाटले, काय हा समाधानी माणूस!

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या प्रत्येक माघारीने मला त्या दिवसापुरते बरे वाटत होते. भय हा सावकार आहे. हप्ता नेऊन दिला की तो संध्याकाळपुरता दारातून जातो. पण मुद्दल कमी होत नाही, वाढतच जाते. आणि तो हप्ता मी एकटा भरीत नव्हतो. माझी पत्नी प्रत्येक फोनवर मला सांगे, “काही होत नाही हो, मी आहे ना.” तिच्या त्या मायेच्या शब्दांनी माझे दुखणे पोसले, हे लिहिताना हात कचरतो, परंतु ते खरे आहे.

४

२०१३ साली मी एका मानसोपचार करणाऱ्या बाईंकडे गेलो. स्वखुशीने नव्हे, मुलीने नेले. वयाने माझ्या मुलीहून थोड्या मोठ्या असतील. मी मनाशी ठरवून गेलो होतो की, ही बाई मला दीर्घ श्वास घ्यावयास सांगेल, सकारात्मक विचार करावयास सांगेल, आणि पैसे घेईल. त्यांनी पैसे तेवढे घेतले.

बाकी त्यांनी मला वही घालावयास लावली. मी हिशेबनीस, म्हणून त्यांनी हिशेबच मांडावयास सांगितला. डाव्या बाजूस लिहावयाचे : आज केव्हा, कोठे, काय होईल असे वाटले. उजव्या बाजूस : प्रत्यक्षात काय झाले. सहा आठवड्यांत डाव्या बाजूस एक्केचाळीस नोंदी झाल्या. अठ्ठावीस वेळा हृदय बंद पडणार होते, नऊ वेळा भोवळ येऊन पडणार होतो, चार वेळा वेड लागणार होते. उजव्या बाजूस त्यांपैकी एकही रक्कम जमा झालेली नव्हती. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे खोटे हिशेब पकडले. माझ्या स्वतःच्या पेढीत हा व्यवहार चार वर्षे चालला होता आणि मला पत्ता नव्हता.

यामागचा विचार मला पुढे वाचनाने कळला. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली तो मांडला. छातीत धडधडते ही साधी शारीरिक घटना. जिना चढल्यावरही धडधडते. परंतु भ्यालेला माणूस तिचा अर्थ ‘मी मरतो’ असा लावतो. त्या अर्थाने भय वाढते, भयाने धडधड वाढते, धडधडीने तो अर्थ अधिकच खरा वाटतो. असे हे रहाटगाडगे फिरत राहते. उपचार म्हणजे या रहाटगाडग्यात नेमकी कोठे पाचर मारावयाची, ते शोधणे.

पाचर मारण्याची रीत गमतीची होती. बाईंनी मला फिरत्या खुर्चीत बसवून गरगर फिरविले. जिना धावत चढावयास लावला. मिनिटभर भराभर श्वास घ्यावयास लावले. ज्या संवेदनांना मी यमदूत समजत होतो, त्या मी माझ्या हाताने बोलावीत होतो आणि त्या येऊन, थोडा वेळ बसून, निघून जात होत्या. नंतर एक शिडी आखली. पहिली पायरी, डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहून जलद गाड्या नुसत्या पाहणे. मग धीम्या गाडीने मुंब्र्यापर्यंत. मग ठाण्यापर्यंत, पत्नीसह. मग एकट्याने. मग बाटली घरी ठेवून. खरे सांगतो, बोगद्यापेक्षा ती बाटली घरी ठेवणे मला अधिक जड गेले. ती माझा ताईत झाली होती. पत्नीलाही गृहपाठ होता : फोन आला तर ‘काही होत नाही’ म्हणावयाचे नाही, ‘बरं, मग आता काय करायचं ठरलंय तुमचं?’ एवढेच विचारावयाचे.

एका शनिवारी मी जलद गाडीने बोगद्यातून गेलो. भय आले. चढत गेले. मी खिशात हात घातला नाही, डोळे मिटले नाहीत, देवाचे नावही मुद्दाम घेतले नाही. ठाण्याचा फलाट दिसण्याच्या आधीच ते उतरणीला लागले होते. कोणी ते उतरविले नव्हते. मी हप्ता भरला नाही, म्हणून ते उतरले. त्या महिन्यात मी त्या बोगद्यातून अकरा वेळा गेलो. एकदा जाणे हे धाडस झाले; अकरा वेळा जाणे हा उपचार होय.

पाच महिने, सोळा बैठका. मी बरा झालो का? २०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत तो पाहुणा पुन्हा दाराशी आला होता. फरक एवढाच की, या वेळी मी त्याला नावाने ओळखत होतो, आणि वही कपाटात होती.

५

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे.

पहिला आक्षेप : “मन मोकळं करायला मित्र असतात की! त्याला फी कशाला?” मित्र हवेतच. पण मित्र आपल्याला त्रासातून सोडवू पाहतो, आणि घाईने सोडवू पाहतो, कारण आपला त्रास त्यालाही बघवत नाही. मला तर त्रासाशेजारी बसावयास शिकावयाचे होते. पाय मोडला म्हणजे मित्राने खांदा द्यावा. हाड त्याने बसवू नये.

दुसरा आक्षेप : “ही सारी विलायती थेरं!” ठीक आहे. ज्या आगगाडीत मी बसतो ती १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला प्रथम धावली, तीही विलायतीच होती. गाडी विलायती चालते, बोगदा विलायती चालतो. त्यांत बसण्याचे भय घालविणारा उपाय तेवढा देशी पाहिजे, हा कोठला न्याय? आणि देशीच हवा असेल, तर चला, गीता उघडू. कारण ‘गीता वाच’ हे त्या तीन शब्दांचे धाकटे भावंड आहे.

पहिल्या अध्यायात अर्जुनाचे काय होते? गात्रे ढिली पडतात, तोंड कोरडे पडते, अंगाला कंप सुटतो, कातडीचा दाह होतो, हातातले गांडीव गळते, मन गरगरते, उभेही राहवत नाही. अर्जुनाचा प्रश्न धर्माचा होता आणि माझा बोगद्याचा, हे मी जाणतो. पण शरीराने दिलेली साक्ष एकच आहे. यावर श्रीकृष्ण प्रथम काय करतात? दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते त्याला रागे भरतात : हे तुला शोभत नाही, दुबळेपणा टाक आणि ऊठ. अगदी आपल्या काकांसारखे! आणि त्याचा परिणाम? काहीही नाही. अर्जुन आपले दुःख पुन्हा सांगतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प बसतो. रागावणे फुकट गेले, म्हणून तर पुढची गीता सांगावी लागली. सातशे श्लोकांच्या त्या ग्रंथात अर्जुन पुन्हा पुन्हा शंका विचारतो, आणि एकदाही त्याला ‘फार प्रश्न विचारतोस’ असे उत्तर मिळत नाही. सहाव्या अध्यायात तो म्हणतो की, मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरावयाचे कसे? श्रीकृष्ण ते नाकारीत नाहीत. मन आवरावयास कठीण खरेच, असे मान्य करून ते अभ्यासाचे आणि वैराग्याचे नाव घेतात. वैराग्य मला साधलेले नाही; पण अभ्यास म्हणजे काय, ते मला बोगद्यातल्या अकरा फेऱ्यांनी शिकविले. तेव्हा गीतेचा आधार घेऊन जे उपचाराला विरोध करतात, त्यांनी तिचे पहिले दोन अध्याय तरी पुन्हा वाचावेत.

तिसरा आक्षेप परस्परविरोधी जोडीने येतो. एक म्हणतो, “गोळी घेतली की झालं.” दुसरा म्हणतो, “गोळीची सवय लागते, नकोच ती भानगड.” पहिल्यास माझे उत्तर असे की, मला चार वर्षे ओळखीच्या डॉक्टरांनी एक शामक गोळी दिली, तिने झोप आली, बोगदा होता तेथेच राहिला. दुसऱ्यास उत्तर असे की, सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. काही शामक गोळ्यांची सवय लागते हे खरे. पण मानसोपचारतज्ज्ञ काही आजारांत महिनोन् महिने जी औषधे देतात, ती निराळ्या जातीची असतात, आणि पुष्कळांना त्यांच्याच आधाराने उपचाराच्या शिडीपर्यंत चालत येता येते. चालू असलेली गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये, हेही येथेच सांगून ठेवतो.

चौथा आक्षेप मात्र मला टोचतो, कारण त्यात तथ्य आहे : “हे सारं पैसेवाल्यांचं. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला तुमच्या बाई काय वही घालायला लावणार?” कबूल. वहीने कर्ज फिटत नाही, आणि फिटते असे सांगणारा उपचारक भोंदू समजावा. पण कर्ज आहे म्हणून त्या माणसाची झोप, भूक आणि विचार करण्याची शक्तीही जाऊ द्यावी काय? सावकाराशी बोलावयासही डोके ठिकाणावर लागते.

आणि हा उपचार गरिबापर्यंत पोहोचत नाही, हे विधान आपल्या शेजारीच खोटे ठरले आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने २४ दवाखान्यांत एक प्रयोग केला. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या स्थानिक पदवीधरांना थोड्या मुदतीचे प्रशिक्षण देऊन, चिंता आणि खिन्नता यांनी पिडलेल्या रुग्णांशी पद्धतशीर बोलण्याचे काम त्यांच्यावर सोपविले; गरज पडेल तेथे डॉक्टर आणि औषध होतेच. निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी दवाखान्यांत हा आधार मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांनी १०० तील सुमारे ६६ जण बरे झालेले होते. न मिळालेल्यांपैकी सुमारे ४३. खाजगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे ज्या ठिकाणी गरीब माणूस जातो, नेमका तेथेच उपयोग झाला!

६

आता फिर्यादीचे मागणे. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. चिंता, खिन्नता अशा नित्याच्या मनोविकारांनी ग्रासलेल्या १०० माणसांपैकी सुमारे ८५ जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता; पण आपण निराळे निघालो असतो असे मानण्यास मला आधार दिसत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. सरकारी व्यवस्थेकडून मानसोपचार मिळणे हा त्याने प्रत्येक माणसाचा हक्क ठरविला आहे, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या दुखण्याला शरीराच्या दुखण्याच्या बरोबरीने लेखावे असेही त्यात लिहिले आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. कायदा आहे, क्रमांक आहे, ठाण्यासारख्या शहरात १९९० पासून मनाच्या आरोग्याचे काम करणारी संस्थाही आहे. नाही ते आपले मागणे. रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी आपण नगरसेवकाच्या दारात जातो. तालुक्याच्या रुग्णालयात मनाचे दुखणे ऐकणारा शिकलेला माणूस का नाही, हे विचारावयास आजवर कोण गेले आहे?

ज्यांना हा लेख वाचताना कोणी आठवले असेल, त्यांना एवढेच सांगतो : उपचार करणाऱ्याला त्याचे शिक्षण विचारा, किती दिवसांत काय साधावयाचे ते विचारा, आणि पटले नाही तर दुसरा पाहा. सर्वांनाच गुण येतो असे नाही. पण न जाता आलेला गुण मी कोणाच्याच घरी पाहिलेला नाही.

अक्काची पत्रे माझ्याजवळ आहेत. माझी तिच्याजवळ होती. ती कोठे गेली कोण जाणे. त्यांतले एक जरी आज परत मिळाले, तरी त्याची शेवटची ओळ मी खोडीन आणि तेथे लिहीन : ‘अक्का, नेमके काय होते ते सविस्तर कळव. मी रविवारी येतो आहे. बाजाराला जाण्याची घाई नाही. आधी दोघे मिळून थोडा वेळ उंबरठ्याशी उभे राहू.’